उकिरड्याचे दैव

'बारा वर्षांनी उकिरड्याचेही दैव उघडते,' अशी आपल्यात एक म्हण आहे. तुम्ही ती ऐकली असेल. अडचणीत सापडलेल्या माणसाला धीर देण्यासाठी ही म्हण वापरतात. पण वाडवडिलांनी म्हणीत उकिरडाच का घेतला? कारण त्यांना एक गोष्ट ठाऊक होती. उकिरड्यात पडलेले वाया जात नाही. आज जी घाण दिसते, तिचे उद्या खत होते. खत शेतात जाते. शेतातून धान्य घरात येते. असे उकिरड्याचे दैव उघडते.

आता आपल्या गावाबाहेरचा उकिरडा पाहा. त्यात शेण थोडे आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या फार. गुटख्याच्या पुड्या, फुटक्या काचा, औषधाच्या बाटल्या, जुने सेल, चिंध्या, सारे एकत्र पडलेले. वाऱ्याने पिशव्या उडतात आणि बाभळीला लटकतात. पावसात त्या ओढ्याला जातात. बारा वर्षे थांबलो, तरी या उकिरड्याचे दैव उघडेल काय? नाही उघडणार. असे का झाले, आणि त्यावर आपल्या हातात काय आहे, ते या पाठात पाहू.

एका गाईची गोष्ट

आमच्या शेजारी एक म्हातारी राहते. एकटीच असते. तिची एक गाय होती. दोन वेळचे दूध विकून तिचे भागत असे. एकदा गाय चारा खाईना. रवंथ करीना. डावीकडून पोट फुगले. गुरांचे डॉक्टर आले. त्यांनी औषध दिले. पण तिसऱ्या दिवशी गाय गेली.

डॉक्टरांनी पोट उघडून पाहिले. आतून प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा गोळाच्या गोळा निघाला. दोऱ्या, सुतळ्या आणि पिशव्या एकमेकींत अडकून घट्ट झाल्या होत्या. एक बादली भरली. त्यात काही पिशव्यांच्या गाठी तशाच होत्या.

आम्ही ते पाहिले आणि खाली मान घातली. आमच्या घरातूनही उरलेली भाकरी, भाजीची देठे आणि सालपटे पिशवीत बांधून उकिरड्यावर जात होती. गाव करते, तेच आम्ही करत होतो. त्यातली एखादी पिशवी आमच्या घरची होती, असे सांगता येत नाही. नव्हती, असेही सांगता येत नाही. आम्ही पुष्कळ वर्षे मुलांना स्वच्छतेचा धडा शिकवला. पण हा धडा आम्हांला त्या दिवशी कळला.

म्हातारी आम्हांला वाईट बोलली नाही. एवढेच म्हणाली, "गुरुजी, मुक्या जनावराला काय कळतंय? वास भाकरीचा येतो. गाठ कुणी मारली, त्याला काय ठावं!"

म्हातारीचे खरे आहे. गाय घास निवडून, चावून खात नाही. ती आधी घाईने गिळते, आणि मग सावकाश रवंथ करते. पिशवीत अन्नाचा वास येतो. गाठ तिला सोडता येत नाही. म्हणून ती पिशवीसकट गिळते. गाईच्या पोटाचा पहिला कप्पा मोठा असतो. तिथे चारा आंबतो आणि मऊ होतो. प्लॅस्टिक मात्र आंबत नाही, विरघळत नाही आणि पुढेही सरकत नाही. ते तिथेच साठते. पोट भरलेले राहते, आणि गाय उपाशी मरते.

भाकरी वाईट नव्हती. ती गाईचे अन्नच होती. पिशवी तरी वेगळी ठेवली असती, तर भंगारवाल्याने नेली असती. दोन्ही एकत्र बांधले, तेव्हा त्याचे विष झाले. या पाठातली मुख्य गोष्ट हीच आहे. ती मनात पक्की धरा.

पूर्वी केर कोठे जात होता?

आपल्या आजी-आजोबांच्या घरी केराची टोपली नव्हती. तरी घर स्वच्छ असे. मग केर जात होता कोठे?

चुलीतली राख भांडी घासायला लागे. भाजीची देठे गुरांना जात. शेणाच्या गोवऱ्या होत. उरलेले शेण उकिरड्यात पडे. फाटक्या लुगड्यांची गोधडी होई. चांगले जुने कपडे बोहारीण घेऊन जाई आणि भांडे देई. तांब्या-पितळेच्या भांड्याला कल्हई होई. मोडके भांडे कासार तोलून घेई. वाण्याकडचे सामान कागदाच्या पुडीत येई. पुडीचा कागद चुलीत जाई आणि सुतळी खुंटीला टांगली जाई. लग्नाचे जेवण पळसाच्या पत्रावळीवर होई. पत्रावळ उकिरड्यात गेली, की पाऊसकाळात तिची माती होई.

म्हणजे पाहा, घरात येणारी वस्तू एक तर मातीतून आलेली असे, नाही तर कारागिराकडे परत जाणारी असे. फेकण्यासारखे फारसे उरतच नसे.

संत गाडगे बाबांचे नाव सर्वांना माहीत आहे. बाबांचा जन्म १८७६ सालचा. १९५६ साली ते वारले. बाबा गावात आले, की आधी हातात खराटा घेत आणि गाव झाडून काढत. रात्री कीर्तनात लोकांच्या मनातला केर झाडत. २००० साली महाराष्ट्र सरकारने त्यांच्याच नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. बाबांच्या काळी गाव झाडले, की गाव स्वच्छ होत असे. कारण झाडून काढलेला केर मातीचा असे, आणि तो मातीत जिरे. आज नुसते झाडून भागत नाही. झाडलेले प्लॅस्टिक आपल्या दारातून निघते आणि दुसऱ्याच्या शेतात जाते. केर तेवढाच राहतो. फक्त त्याची जागा बदलते.

'मग पेटवून द्यावा,' असे काही लोक म्हणतात. तेही करू नका. प्लॅस्टिक, रबर आणि जुन्या वायरी उघड्यावर जाळल्या, की विषारी धूर निघतो. तो धूर आधी पेटवणाऱ्याच्याच छातीत जातो. बहुधा ती घरची बाई असते, आणि जवळ लहान मूल खेळत असते. राखेतले विष मातीत उतरते ते वेगळेच.

'मग पुरून टाकावा,' असे कोणी म्हणेल. पण प्लॅस्टिक जमिनीत कुजत नाही. त्याचे बारीक बारीक तुकडे होतात, एवढेच. शेतात ते पाणी मुरू देत नाही. मुळांना आडवे येते.

कचरा म्हणजे काय?

समजा, तुमच्या घरात एक शेर तांदूळ आहे, एक शेर डाळ आहे आणि एक शेर रॉकेल आहे. तिन्ही वस्तू कामाच्या आहेत. आता ती तिन्ही एका भांड्यात ओता. भात होईल का? वरण होईल का? दिवा लागेल का? काहीच होणार नाही. तिन्ही टाकून द्यावे लागेल. वस्तू त्याच होत्या. फक्त त्या मिसळल्या, म्हणून त्यांचा कचरा झाला.

घरच्या केराचेही तसेच आहे. भाजीची साल वेगळी असेल, तर तिचे खत होते. कागद कोरडा असेल, तर त्याचा पुन्हा कागद होतो. साल आणि कागद एकत्र टाकले, की कागद भिजतो, घाण होतो आणि कोणी घेत नाही. सालीत काच पडली, की ते खत शेतात घालता येत नाही. पायाला काच लागते.

तेव्हा पहिला नियम असा. केर टाकताना मिसळू नका. मागून निवडू म्हटले, तर निवडवत नाही. टाकतानाच वेगळा टाकला, तर त्याला क्षणभरसुद्धा जास्त लागत नाही.

घरात तीन जागा करा. ओल्या केराला एक बादली. सुक्या केराला एक जुने पोते. धोक्याच्या केराला झाकणाचा एक डबा, आणि तो मुलांचा हात पोचणार नाही असा उंचावर. एवढ्याला पैसा लागत नाही.

पहिली जागा : ओला केर

भाजीची देठे, फळांच्या साली, खरकटे, चहाची पूड, शिळे अन्न, फुले, पालापाचोळा आणि शेण हा सगळा ओला केर. जे मातीतून आले आणि मातीत जाईल, ते यात टाका. गुरांना चालेल ते आधी गुरांना घाला. बाकीच्याचे खत करा.

खत कसे होते? मातीत डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जंतू असतात. सगळे जंतू रोगाचे नसतात. हे जंतू केर खातात आणि त्याची माती करतात. त्यांना तीन गोष्टी लागतात. अन्न, पाणी आणि हवा. यातले एक जरी कमी पडले, तरी काम बिघडते. ढीग कोरडा पडला, तर केर वर्षभर तसाच राहतो. ढीग दबून हवा बंद झाली, तर घाण वास सुटतो आणि माश्या होतात.

घराजवळ करायचे असेल, तर परसात हातभर अंतरावर दोन खड्डे खणा. प्रत्येक तीन फूट लांब, तीन फूट रुंद आणि तीन फूट खोल पुरे. विहिरीपासून आणि बोअरपासून खड्डे लांब ठेवा. रोजचा ओला केर एका खड्ड्यात टाका. त्यावर लगेच वाळका पाला किंवा मूठ-दोन मूठ माती टाका. त्याने वास येत नाही, आणि माशी बसत नाही. मधून मधून शेणकाला शिंपडा. केर मुठीत घेऊन दाबा. हात ओला व्हावा, पण पाणी ठिबकू नये. एवढा ओलावा बरोबर. आठ-दहा दिवसांनी ढिगात एक काठी खुपसून काढा. काठी हाताला गरम लागली, तर जंतूंचे काम चालू आहे असे समजा. पहिला खड्डा भरला, की मातीने झाका आणि दुसरा सुरू करा. दुसरा भरेपर्यंत पहिल्यातले खत तयार होत येते. तयार खत काळे आणि भुसभुशीत असते. त्याला पहिल्या पावसातल्या मातीसारखा वास येतो.

शेतावर जास्त पालापाचोळा असेल, तर नाडेप पद्धत चांगली. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायणराव पांढरीपांडे या शेतकऱ्याने ती तयार केली. लोक त्यांना प्रेमाने 'नाडेप काका' म्हणत. या पद्धतीत जमिनीच्या वर विटांचे एक टाके बांधतात. ते १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि ३ फूट उंच असते. भिंतीत मधून मधून भोके ठेवतात. त्यांतून हवा खेळते.

टाके थराथरांनी भरतात. पहिला थर पालापाचोळ्याचा, सहा इंचांचा. दुसरा थर शेणकाल्याचा. सुमारे ४ किलो शेण सव्वाशे ते दीडशे लिटर पाण्यात कालवून तो शिंपडायचा. तिसरा थर चाळलेल्या कोरड्या मातीचा, ५० ते ६० किलोंचा. मग पुन्हा पालापाचोळा. असे टाके भरून वर दीड फूट चढवतात, आणि शेणमातीने लिंपून टाकतात. पंधरा-वीस दिवसांत ढीग खाली बसतो. तेव्हा पुन्हा भरून लिंपायचा. भेगा पडल्या, तर बुजवायच्या. तीन ते चार महिन्यांत खत तयार होते.

यातली मुख्य गोष्ट कोणती? शेण फार थोडे लागते. एका टाक्याला सारे मिळून सुमारे १०० किलो शेण पुरते, आणि खत निघते सुमारे तीन टन. ज्याच्याकडे एकच गाय आहे, त्यालाही हे जमते.

म्हणीत बारा वर्षे सांगितली आहेत. नीट वेगळे ठेवले, तर उकिरड्याचे दैव चार महिन्यांत उघडते.

दुसरी जागा : सुका केर

कागद, पुठ्ठा, काच, लोखंड, पत्रा, ॲल्युमिनियम, दुधाच्या पिशव्या, प्लॅस्टिकचे डबे हा सुका केर. हा कोरडा आणि स्वच्छ ठेवा. भंगारवाला तो तोलून घेतो.

पुढे त्याचे काय होते, तेही समजून घ्या. लोखंड, ॲल्युमिनियम आणि काच वितळवता येतात, आणि त्यांची पुन्हा नवी वस्तू होते. असे कितीही वेळा करता येते. खनिजापासून नवे ॲल्युमिनियम काढायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या विसाव्या हिश्श्यात जुने वितळवून काम होते. म्हणून ॲल्युमिनियमच्या भंगाराला चांगला भाव येतो. कागद भिजवून त्याचा लगदा करतात, आणि लगद्याचा नवा कागद होतो. पण दर वेळी कागदाचे तंतू आखूड होतात. त्यामुळे हे काही वेळाच करता येते.

प्लॅस्टिक एका जातीचे नसते. दुधाची पिशवी एका जातीची, पाण्याची बाटली दुसऱ्या जातीची आणि नळ तिसऱ्या जातीचा. एकेक जात वेगळी केली, तर वितळवून पुन्हा वापरता येते. पण ते पहिल्याइतके चांगले राहत नाही. दुधाची पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा पुरता तोडू नका. तो पिशवीलाच राहू द्या. एवढासा तुकडा कोणी वेचत नाही, आणि तो मातीत जातो. पिशवी धुऊन वाळवा आणि पोत्यात टाका.

गुटख्याची, वेफर्सची आणि बिस्किटांची चकचकीत पुडी मात्र कोणीच घेत नाही. का? तिच्यात प्लॅस्टिकचे आणि धातूचे पातळ थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते वेगळे करणे परवडत नाही. म्हणजे ती पुडी बनली, तेव्हाच मिसळलेली होती. तिच्यावर आपल्याकडे एकच उपाय. ती घरात कमी आणायची.

सुका केर वेचणारी माणसे आपल्यासारखीच कष्टाची भाकरी खातात. त्यांत बायका पुष्कळ असतात. पुण्यात १९९३ साली अशा कष्टकऱ्यांनी 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही आपली संघटना उभारली. त्यांचे म्हणणे साधे होते. आम्ही घाण करत नाही. तुम्ही केलेल्या घाणीतून कामाची वस्तू काढतो. तेव्हा आम्हांला माणूस म्हणून वागवा. आपण केर वेगळा ठेवला, तर त्यांचा हात घाणीत जात नाही, आणि काचेने कापत नाही. मालालाही भाव मिळतो.

तिसरी जागा : धोक्याचा केर

बॅटरीचे सेल, ट्यूबलाइट, दाढीची पाती, इंजेक्शनच्या सुया, मुदत संपलेली औषधे आणि शेतातल्या कीटकनाशकांच्या बाटल्या हा धोक्याचा केर. ट्यूबलाइटमध्ये पारा असतो. सेलमध्ये विषारी रसायने असतात. हे उकिरड्यात पडले, की पावसाच्या पाण्याबरोबर जमिनीत उतरते, आणि तेच पाणी आपण उपसून पितो.

फवारणीच्या औषधाची बाटली रिकामी झाली, की ती तीन वेळा धुवा. ते पाणी ओढ्यात ओतू नका. फवाऱ्याच्या टाकीतच ओता. मग बाटलीला भोके पाडा, म्हणजे कोणी तिच्यात तेल किंवा पाणी भरणार नाही. अशा बाटलीतले पाणी पिऊन माणसे दगावलेली आहेत. म्हणून हे कधी विसरू नका.

हा केर घरच्या घरी संपत नाही. तो कोठे द्यायचा, हे ग्रामपंचायतीला विचारा. सोय नसेल, तर ग्रामसभेत उभे राहून मागा. आता तुम्हांला वाचता येते, अर्ज लिहिता येतो. त्याचा उपयोग करा.

कारखान्यातसुद्धा तेच

घराचे झाले. पण कारखान्यातून तर डोंगराएवढा कचरा निघतो. त्याचे काय? तर तिथेही नियम हाच लागू पडतो. आपल्या ओळखीचा साखर कारखाना घेऊ. महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना १९५० साली अहमदनगर जिल्ह्यात प्रवरानगर येथे सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांना बरोबर घेऊन तो उभा केला.

कारखान्यात १०० किलो ऊस गेला, तर साखर निघते सुमारे १० ते ११ किलो. मग बाकीचे ९० किलो जाते कोठे? त्यात बरेचसे पाणी असते. पण चोथा निघतो सुमारे ३० किलो. त्याला बगॅस म्हणतात. रसातला गाळ निघतो ३-४ किलो. त्याला प्रेसमड म्हणतात. आणि काळी, दाट मळी उरते सुमारे ४ किलो.

गुऱ्हाळात आपण चिपाड फेकत नाही. तेच काहिलीखाली जाळतो आणि रस आटवतो. कारखानाही तेच करतो. बगॅस जाळून पाण्याची वाफ होते. वाफेवर यंत्र फिरते आणि वीज होते. यंत्र फिरवून झाल्यावर त्याच वाफेवर रस आटवतात. पुष्कळ कारखाने आपल्याला पुरून उरलेली वीज विकतात. प्रेसमडचे खत होते. मळीपासून मद्यार्क होतो. तो औषधांना लागतो, आणि पेट्रोलमध्येही मिसळतात.

आता अवघड गोष्ट पाहा. एक लिटर मद्यार्क काढला, की ८ ते १५ लिटर तांबडे-काळे, घाण वासाचे पाणी उरते. पूर्वी हे पाणी पुष्कळ ठिकाणी ओढ्या-नद्यांत सोडले जाई. पाण्यातला प्राणवायू संपे. मासे उलटे होऊन वर येत. विहिरींचे पाणी तांबडे होई. खालच्या गावांनी फार सोसले. नियम झाले आहेत, तरी असे कोठे कोठे अजून घडते.

पण हेच पाणी बंद टाकीत आंबवले, तर गोबरगॅससारखा गॅस मिळतो आणि इंधन वाचते. उरलेले पाणी प्रेसमडच्या ढिगावर हिशेबाने शिंपडले, तर चांगले खत होते. ते आटवून जाळण्याचीही सोय आता निघाली आहे. म्हणजे पाणी तेच. नदीत मिसळले, तर विष. नदीपासून वेगळे ठेवले, तर गॅस आणि खत. भाकरी आणि पिशवीची गोष्ट इथेही तीच आहे.

दूरदेशीचे एक गाव

'हे बोलायला सोपे. सबंध गाव कधी असे वागते का?' असे तुमच्या मनात येईल. म्हणून एका गावाची हकिकत सांगतो.

जपान देशात शिकोकू नावाचे बेट आहे. तिथे डोंगरात कामिकात्सू नावाचे गाव आहे. वस्ती दीड हजाराच्या आसपास. त्यात म्हातारी माणसेच जास्त. पूर्वी तेही आपला कचरा उघड्यावर जाळत. २००३ साली गावाने ठराव केला की, २०२० सालापर्यंत जाळायचा आणि पुरायचा कचरा शून्यावर आणायचा.

गावात कचऱ्याची गाडी येत नाही. ओल्या केराचे खत जो तो आपल्या घरी करतो. सुका केर धुऊन, वाळवून गावच्या एका केंद्रात स्वतः नेऊन देतात. तिथे तो चाळीसहून जास्त प्रकारांत वेगळा ठेवतात. जवळच एक दुकान आहे. नको असलेली चांगली वस्तू तिथे ठेवायची. ज्याला हवी, त्याने फुकट न्यायची.

२०२० साल आले, तेव्हा शून्य झाले का? नाही झाले. पण १०० भागांतले सुमारे ८० भाग पुन्हा कामी येऊ लागले. उरलेल्या २० भागांत मुलांची लंगोटपॅडे आणि चिकटवलेल्या थरांच्या वस्तू अशा गोष्टी होत्या. गाव म्हणाले, हे आमच्या हातचे नाही. अशा वस्तू बनवणाऱ्यांनीच त्या निराळ्या रीतीने बनवायला हव्यात.

यातून दोन गोष्टी शिकायच्या. साध्या माणसांना, म्हाताऱ्यांनासुद्धा, यंत्राशिवाय एवढे जमते. आणि जे परत कामी येत नाही, ते मुळात घेऊच नये.

आपल्याकडेही सरकारने या वाटेने पाऊल टाकले आहे. महाराष्ट्रात २०१८ साली प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. १ जुलै २०२२ पासून सबंध देशात एकदाच वापरून फेकायच्या प्लॅस्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे आणि नळ्या यांवर बंदी आहे. पण बंदी कागदावर राहते, आणि पिशवी बाजारात मिळते. म्हणून बाजाराला जाताना खांद्यावर कापडी पिशवी असू द्या. लग्नाकार्यात पत्रावळी आणा, नाही तर स्टीलची ताटे आणा. बचत गटाने शंभर ताटे आणि पेले घेऊन ठेवले, तर सगळ्या गावाला पुरतात.

आमच्या गल्लीत

गाय गेल्यावर आम्ही आमच्या घरी तीन जागा केल्या. पहिले पंधरा दिवस चुका झाल्या. सुनेने ओल्यात पिशवी टाकली. आम्हीही टाकली. मग सवय लागली. पुढे शेजारच्या दोन घरांनी केले. खड्ड्याला जागा म्हातारीच्या परसात होती. ती म्हणाली, "माझ्या इथं टाका. गोठा रिकामाच पडलाय." आज तीन घरांचा ओला केर तिथे जातो. खत तिच्या वांग्या-मिरच्यांना होते. उरले, की ती विकते. गाईच्या दुधाइतके पैसे त्यात येत नाहीत. गाय ती गाय. पण आमच्या गल्लीतून आता गाठ मारलेली पिशवी उकिरड्यावर जात नाही.

तुमच्या घरी आज रात्री जेवणे झाल्यावर भाकरीचा तुकडा उरेल. तो हातात घ्या. तो कोठे टाकायचा, हे आता तुम्हांला माहीत आहे.

लक्षात ठेवा

१. केर टाकतानाच वेगळा करा. ओला, सुका आणि धोक्याचा.
२. अन्न कधीही पिशवीत बांधून टाकू नका.
३. ओल्या केराचे खत करा. त्याला अन्न, पाणी आणि हवा हवी.
४. सुका केर कोरडा ठेवा आणि भंगारवाल्याला द्या.
५. प्लॅस्टिक आणि रबर जाळू नका.
६. औषधाच्या बाटलीला भोके पाडा. तिच्यात तेल-पाणी भरू नका.
७. जे परत कामी येत नाही, ते होता होईल तो घरात आणू नका.